ध्वनीची खरी नक्कल



आपल्या कानांचे सामर्थ्य आपण सहसा ध्यानात घेत नाही. डोळे मिटून बसलो असताना मागे कोणी भांडे ठेवले किंवा उजवीकडे दार करकरले, तर मान न वळवताही ते कोठे घडले हे आपणांस कळते. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्या कानाला किंचित नंतर. आणि हे अंतर फार झाले तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढे असते. शिवाय मस्तकाच्या आडोशामुळे दूरच्या कानाला तो थोडा मंद ऐकू येतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. ही दिशा यंत्रात पकडता येईल काय, ह्या एका प्रश्नातून ज्याला आज सराउंड साउंड म्हणतात तो चहूबाजूंनी येणारा ध्वनी जन्मास आला.

१८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर ह्याने ऑपेराच्या रंगमंचावरील गाणे टेलिफोनच्या तारांवरून आणून दोन कानांना दोन वेगळे श्रवणयंत्र लावून लोकांना ऐकवले. १९३१ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन ह्याने दोन मार्गांनी ध्वनिमुद्रण करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४० साली वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेशिया’ ह्या चित्रपटासाठी ‘फँटासाउंड’ नावाची योजना सिद्ध झाली व वाद्यवृंद चित्रगृहभर फिरू लागला. आपल्याकडे १९७५ साली ‘शोले’ सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर सहा ध्वनिपट्ट्यांसह झळकला. नंतर १९९२ साली डॉल्बीची अंकीय पद्धत चित्रगृहात आली आणि पुढे डीव्हीडीच्या तबकडीवर बसून ती घरोघर पोचली.

डॉल्बी हा शब्द उच्चारताच महाराष्ट्रातील श्रोत्यांच्या मनात मिरवणुकीतील भिंतीएवढ्या कर्ण्यांचे चित्र उभे राहील. वस्तुतः रे डॉल्बी हे एका अभियंत्याचे नाव. युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून तो काही काळ भारतात होता, आणि त्यानंतर १९६५ साली त्याने लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. त्याच्या कीर्तीची सुरुवात झाली ती गोंगाट वाढवण्याने नव्हे, तर ध्वनिफितीवरील खरखर घालवण्याने!

घरगुती तबकडीवर हा ध्वनी बहुधा सहा मार्गांनी येतो. समोर डावा, उजवा आणि मधला. मागे वा बाजूंना डावा व उजवा. आणि सहावा केवळ घनगंभीर खर्जाचा, सेकंदाला सुमारे १२० कंपनांपर्यंतचा. सहावा मार्ग असा अपुरा असल्याने त्यास पूर्ण न मोजता दशांश मोजतात. म्हणून ‘फाइव्ह पॉइंट वन’ हे नाव. संवाद बहुतेक मधल्या मार्गावर असतात, आणि पाऊस, गर्दी, पक्षी हे मागच्या मार्गांवर. ही वाटणी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता आजच्या मुख्य विषयाकडे वळू. पुष्कळ घरांत अशा तबकड्या कपाटात पडून आहेत. कोणाकडे आवडते चित्रपट आहेत, कोणाकडे संगीताच्या मैफली, तर कोणा हौशी मंडळींनी स्वतःच अनेक ध्वनिग्राहक मांडून मुद्रित केलेले प्रयोग आहेत. नव्या संगणकांतून तबकडी वाचण्याची सोय बहुतांशी नाहीशी झाली आहे आणि तबकड्याही चिरंजीव नाहीत. तेव्हा त्यांतील ध्वनी काढून संगणकात ठेवावा, हा विचार रास्तच होय. प्रश्न असतो तो कसा काढावा हा; कारण ‘रूपांतर’ ह्या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या क्रिया दडलेल्या आहेत, आणि तिन्हींचे परिणाम निरनिराळे आहेत.

सरकारी दप्तरात वावरणाऱ्यास हा भेद लवकर पटतो. बासन सोडून आतला कागद बाहेर काढणे, ही एक गोष्ट. त्या कागदाची अक्षरशः खरी नक्कल करणे, ही दुसरी. आणि त्याचा गोषवारा लिहिणे, ही तिसरी. तिन्ही उपयोगी आहेत. पण गोषवारा लिहून झाल्यावर मूळ कागद रद्दीत टाकणाऱ्या कारकुनास कोणी शहाणा म्हणणार नाही.

पहिली क्रिया बासन सोडण्याची. डीव्हीडीवरील किंवा संगणकावरील चित्रपटाची फाइल म्हणजे एक बासनच असते. तीत चित्र असते, एक वा अनेक भाषांतील ध्वनिपट असतात, उपशीर्षके असतात. मात्रोश्का नावाचा एक फाइलप्रकार आहे. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून त्याचे नाव पडले, ते अन्वर्थकच आहे. ह्या बासनातून ध्वनिपट जसाच्या तसा उचलता येतो. त्यात एकाही अंकाचा फरक पडत नाही, आणि कामही झटपट होते. फाब्रिस बेलार ह्या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेला एफएफएमपेग हा विनामूल्य प्रोग्राम हे काम उत्तम करतो. मात्र त्यास ‘कॉपी’ अशी स्पष्ट आज्ञा द्यावी लागते. ती न दिल्यास तो आपल्या समजुतीने ध्वनी पुन्हा नव्याने संकुचित करतो. आणि सगळे ध्वनिपट घ्यावयाचे आहेत हे न सांगितल्यास एकच उचलून बाकीचे सोडून देतो. ध्वनिपट वेगळा काढताना आणखी एक नोंद करावी. कधीकधी तो चित्राहून काही मिलिसेकंद पुढे-मागे सुरू होत असतो. ते अंतर टिपून ठेवले नाही, तर पुन्हा जोडताना ओठ आणि शब्द ह्यांची फारकत होते.

दुसरी क्रिया उलगडण्याची. तबकडीवरील डॉल्बीचा ध्वनी मुळातच संक्षिप्त केलेला असतो. सहा मार्गांचा पूर्ण ध्वनी सोळा बिटांनी व सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी मांडला, तर सेकंदाला सुमारे ४,६०८ किलोबिट लागतात. डीव्हीडीवर तोच ध्वनी बहुधा ३८४ किंवा ४४८ किलोबिटांत बसवलेला असतो, म्हणजे दशांशात. मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, तो गाळून हे साधतात. असा ध्वनी उलगडून वेव्ह नावाच्या फाइलीत ठेवता येतो. पण त्यामुळे गाळलेला अंश परत येतो, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. अडीच तासांच्या चित्रपटाचा जो ध्वनिपट ४४८ किलोबिटांत सुमारे ५०० मेगाबाइटांचा होता, तो उलगडल्यावर पाच गिगाबाइटांहून मोठा होतो. फुगतो तो केवळ आकार.

येथे एक व्यावहारिक अडचणही उद्भवते. साध्या वेव्ह फाइलीत चार गिगाबाइटांहून अधिक मावत नाही. सहा मार्गांचा, सोळा बिटांचा ध्वनी सुमारे २ तास ४ मिनिटांत ती मर्यादा गाठतो, आणि चोवीस बिटांचा ध्वनी तर सुमारे ८३ मिनिटांतच. चित्रपटाचा शेवट मुका निघाला, तर कारण येथे शोधावे. त्यावर तोड म्हणजे २००१ साली आलेला फ्लॅक हा प्रकार. तो आठ मार्गांपर्यंतचा ध्वनी काहीही न गाळता आटोपशीर करतो आणि मूळ ध्वनीची पडताळणी-संख्याही स्वतःजवळ बाळगतो. खरी नक्कल म्हणतात ती हीच. डॉल्बीचा पट उलगडताना आणखी एक दक्षता घ्यावी. त्यात हळू आणि मोठ्या आवाजांतील अंतर आवळण्याच्या सूचना लिहिलेल्या असतात. रात्री शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून त्या ठीक. परंतु संग्रहासाठी उलगडताना त्या लागू होऊ देऊ नयेत.

उलगडलेले सहा मार्ग सहा वेगळ्या फाइलींतही काढता येतात. ह्याचा एक लाभ मला विशेष मोलाचा वाटतो. वयोमानाने ज्यांना पार्श्वसंगीताच्या कल्लोळात संवाद समजत नाहीत, त्यांच्यासाठी मधला मार्ग थोडा चढवून वेगळी प्रत करता येते. घरातील वडीलधाऱ्या माणसाला चित्रपट पुन्हा कळू लागावा, ह्याहून ह्या विद्येचा चांगला उपयोग कोणता?

परंतु वेगळे केलेले मार्ग पुन्हा जोडताना क्रम सांभाळला पाहिजे. डॉल्बीच्या पटात क्रम असतो तो डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, खर्ज असा. वेव्हमध्ये तो डावा, उजवा, मधला, खर्ज, मागचा डावा, मागचा उजवा असा असतो. पहिल्या क्रमाने रचलेल्या फाइली दुसऱ्या क्रमाच्या साच्यात तशाच घातल्या, तर नायकाचे सारे संभाषण उजव्या कोपऱ्यातून येते, मागचा डावा पाऊस खर्जाच्या पेटीत जाऊन घुमतो आणि खर्ज पाठीमागे जातो. फाइल मोडलेली नसते, यंत्र तक्रार करीत नाही. घोटाळा फक्त कानाला कळतो. म्हणून जोडणी झाल्यावर प्रत्येक मार्ग एकेकटा वाजवून पाहावा.

तिसरी क्रिया गोषवाऱ्याची, म्हणजे सहा मार्गांचे दोन करण्याची. साध्या ध्वनियंत्रावर वा कानात घालण्याच्या श्रवणयंत्रावर ऐकण्यासाठी हे करावेच लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत त्याची रीत आहे. मधल्या मार्गाचा ध्वनी तीन डेसिबलने उतरवून दोन्हीकडे घालावा, आणि मागचे दोन मार्गही तसेच उतरवून आपापल्या बाजूस मिसळावेत. खर्जाचा सहावा मार्ग बहुधा वगळतात. बेरीज मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटू नये म्हणून एकंदर पातळीही खाली आणतात. हे नीट केले, तर ऐकणारास काही उणे वाटत नाही.

उणे असते ते पुढे जाणवणारे. गहू, तांदूळ, हरभरा, उडीद भाजून एकत्र दळले की थालीपीठ उत्तम होते. पण त्या भाजणीतून उडीद पुन्हा निवडता येत नाही. दोन मार्गांतून सहा मार्ग ‘निर्माण’ करून देणारे प्रोग्राम मिळतात, नाही असे नाही. परंतु ते देतात तो अदमास असतो. मूळचा पाऊस नव्हे. माझ्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनी जागा वाचावी म्हणून आपल्या संग्रहातील सर्व तबकड्यांचे दोन मार्गांच्या एमपी-थ्री फाइलींत रूपांतर केले आणि तबकड्या देऊन टाकल्या. काही वर्षांनी मुलाने घरी सहा कर्ण्यांचा संच आणला. यंत्र आले, परंतु त्यास ऐकवावयास ध्वनी उरला नव्हता.

हे नुकसान केवळ घरगुती नाही. वर ज्या ‘फँटेशिया’चा उल्लेख केला, त्याचा मूळ बहुमार्गी ध्वनी १९५५ च्या सुमारास चुंबकीय फितीवर उतरवला गेला. जुनी यंत्रे एका ठिकाणी आणि नवी दुसऱ्या ठिकाणी असल्यामुळे तो टेलिफोनच्या तारांवरून धाडण्यात आला. त्या तारांनी वरच्या पट्टीतील ध्वनींची धार बोथट केली. मूळ फिल्म जीर्ण झाली होती. पुढच्या पिढ्यांना ह्या नकलेवरच भिस्त ठेवावी लागली. जगातील अत्यंत धनाढ्य चित्रसंस्थेचीही नक्कल वाटेत झिजू शकते, आणि मूळ गेल्यावर तीच नक्कल मूळ ठरते.

ही दक्षता आता अधिकच हवी, कारण ध्वनीची नवी रूपे अधिक गुंतागुंतीची आहेत. २०१२ साली आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये ठरावीक मार्गांच्या जोडीला, अमुक आवाज ह्या क्षणी खोलीत अमुक जागी असावा अशा सूचनाही लिहिलेल्या असतात. तो पट नेहमीप्रमाणे उलगडून फ्लॅकमध्ये ठेवला, तर मार्ग उरतात आणि जागांच्या सूचना गळून पडतात. म्हणजे एरवी जी खरी नक्कल, ती येथे गोषवारा ठरते. अशा वेळी पहिलीच क्रिया श्रेष्ठ: काही न उलगडता पट जसाच्या तसा उचलून ठेवावा.

कायद्याचेही भान असू द्यावे. स्वामित्वहक्काचा आपला कायदा १९५७ चा. हक्कभंगाच्या हेतूने तबकडीवरील संरक्षक कुलूप मोडणे, हा २०१२ च्या दुरुस्तीने त्यात अपराध ठरवला आहे. स्वतःच्या मुद्रणांना, हक्कमुक्त सामग्रीला आणि रीतसर परवानगी असलेल्या संग्रहांना अशी आडकाठी नाही. आणि जपणुकीची निकड खरोखर तेथेच अधिक आहे.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी पट जसाच्या तसा उचलून दोन निरनिराळ्या जागी ठेवावा, आणि त्यावर भाषा, मार्गांची संख्या व मुद्रणाचे वर्ष लिहावे. गरज असेल तर फ्लॅकमध्ये उलगडावा. प्रवासात ऐकण्यासाठी दोन मार्गांची लहान प्रत खुशाल करावी. पण ती नेहमी मुळावरून करावी, दुसऱ्या लहान प्रतीवरून नव्हे, कारण गोषवाऱ्याचा गोषवारा केला की शेवटी केवळ शीर्षक उरते. आणि लहान प्रत झाली म्हणून मोठी पुसू नये.

साठवणीची जागा वर्षानुवर्षे स्वस्त होत आली आहे. मुद्रणाच्या वेळी सभागृहात मागच्या रांगेतून उठलेली दाद मात्र एकदाच उठलेली असते. तिला तिच्या जागी राहू द्यावे. पुढे कोणी तरी कान देऊन ऐकेल, तेव्हा ती त्याला पाठीमागूनच ऐकू आली पाहिजे.