वेबसाइट घडते कशी?



आपल्या पिंपरी-चाकणच्या बाजूला कारखाने पुष्कळ. तिथे एक जण कागदावर ड्रॉइंग काढतो. दुसरा मशीनवर जॉब तयार करतो. वेबसाइटचेही तसेच आहे.

वेबसाइट म्हणजे मोबाइलवर उघडणारी माहितीची पाने. ‘महाभूलेख’ ही सरकारी वेबसाइट. तिथे जिल्हा पुणे, तालुका खेड आणि आपले गाव निवडायचे. गट नंबर भरायचा. मग सातबारा दिसतो.

अशी वेबसाइट घडवायला दोन कारागीर लागतात. पहिला डिझायनर. तो पाहणाऱ्याचा विचार करतो. अक्षर नीट वाचता येईल का? बटण चटकन सापडेल का? दुसरा डेव्हलपर. तो आतल्या कामाचा विचार करतो. मागितला त्याच गटाचा उतारा येईल ना? हजारो लोक एकदम आले, तर काम अडणार तर नाही?

कधी दोघांची ओढाताण होते. एक म्हणतो, “मोठे चित्र घालू.” दुसरा म्हणतो, “पान जड होईल, उघडायला वेळ लागेल.” खरे दोघांचेही. पान देखणे, पण उतारा येत नाही, तर काय उपयोग? उतारा आत आहे, पण बटण सापडत नाही, तरी आपला हेलपाटा ठरलेलाच!

२०१८ साली डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. तो सरकारी कामाला चालतो. बिनसहीचा उतारा फक्त पाहण्यापुरता. तशी सूचना त्यावर छापलेली असते. ठळक छापणे हे त्या कारागिरांचे काम. वाचणे आपले. म्हणून आपण आधी वाचू, मगच बटण दाबू.