सुट्टीत पुस्तके घरी जावीत



1848 साली पुण्यात दोन गोष्टी घडल्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, आणि आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखले जाणारे ग्रंथालयही त्याच वर्षी सुरू झाले. शाळा आणि ग्रंथालये या शहरात बरोबरीने वाढली, पण एकमेकांच्या फारशी कामी आली नाहीत. लहानांनी शाळेत वाचावे, मोठ्यांनी ग्रंथालयात, अशी वाटणी होऊन गेली. तिचा फटका मे महिन्यात बसतो. परीक्षा आटोपते, शाळेला कुलूप लागते, त्याबरोबर शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटालाही लागते. जूनच्या मध्यापर्यंत मुलांकडे वेळच वेळ असतो, आणि ज्यांच्या घरी पुस्तक नाही त्यांच्यापाशी वाचायला काही नसते. माझे म्हणणे असे की, या सहा आठवड्यांत सार्वजनिक ग्रंथालयाने मुलाला त्याच्या पसंतीचे पुस्तक अनामत न घेता घरी न्यायला द्यावे. शिबिरे, स्पर्धा, पाहुण्यांची व्याख्याने हे सगळे त्यानंतर.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ विदुषींनी सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास केला आणि 1978 साली तो पुस्तकरूपाने मांडला. गरीब आणि सुस्थितीतली मुले यांच्यातले शिकण्याचे अंतर शाळा चालू असताना फारसे वाढत नाही, सुट्टीत वाढते, असे त्यांना दिसले. मूल सुट्टीत वाचणार की नाही हे ज्या गोष्टींवर ठरत होते, त्यांत ते ग्रंथालयात जाते का हे होतेच, शिवाय घरापासून ग्रंथालय किती लांब आहे हेही होते. पुण्याच्या बिबवेवाडीत बोलताना हा मुद्दा टाळून चालणार नाही. इथे सोसायट्या आहेत, बंगले आहेत, आणि टेकडीच्या उतारावर अप्पर इंदिरानगरची दाट वस्तीही आहे. जवळच्या मार्केट यार्डात हमाल आणि तोलणार पहाटेच कामाला लागतात. पुण्याची जुनी, नावाजलेली ग्रंथालये मात्र पेठांत आहेत. 1911 पासून चालत आलेले पुणे मराठी ग्रंथालय नारायण पेठेत आहे. अप्परमधली आठ वर्षांची मुलगी मेच्या उन्हात, पीएमपीच्या बसने, एकटी तिथवर जाणार नाही. तिच्यासाठी ग्रंथालय म्हणजे चालत जाता येईल तेवढ्या अंतरावरची खोली, आणि ती खोली दुपारी उघडी हवी.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. हे संशोधन परदेशातले, आणि तिथेही त्यावर वाद आहे. सुट्टीतल्या पीछेहाटीचे जुने आकडे चाचण्यांच्या रचनेमुळे फुगले असावेत, असे संशोधक पॉल फॉन हिपेल यांनी 2019 मध्ये मांडले. हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच सुट्टीत मुले इतके महिने मागे पडतात असा कोणताही आकडा मी इथे सांगत नाही. पण आपल्याकडचा पुरावाही पाहावा. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यावर अझीम प्रेमजी फाउंडेशनने जानेवारी 2021 मध्ये पाच राज्यांतल्या 16,067 मुलांची पाहणी केली. त्यांतली 92 टक्के मुले आधीच्या वर्षी येत असलेले भाषेचे किमान एक कौशल्य विसरली होती. ती बंदी दीर्घ होती, उन्हाळ्याची सुट्टी छोटी. दोन्हींचे माप एक नव्हे. तरी वापर थांबला की नुकतेच आलेले वाचन हातून निसटते, एवढे त्यातून नक्की कळते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या मराठी वाचनाचे तर वर्षभर असेच चालते. त्यांना निवांत मराठी वाचायला मिळते ते सुट्टीतच.

उपाय काय, तर पुस्तक, आणि तेही मुलाने निवडलेले. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रांझेन या संशोधकांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांतल्या मुलांना सलग तीन सुट्ट्यांत दर वेळी बारा पुस्तके दिली. पुस्तके मुलांनीच निवडली होती. त्या मुलांचे वाचन पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा पुढे गेले, आणि सर्वांत गरीब मुलांना लाभ अधिक झाला. आता आपल्या ग्रंथालयांतली पुस्तकांची देवघेव पाहा. काचेची कपाटे बंद, किल्ली टेबलाच्या खणात, आणि वाचकापुढे लेखकांच्या नावांनी लावलेली यादीची वही. यादीतून क्रमांक शोधायचा, चिठ्ठीवर लिहायचा, सेवक पुस्तक काढून देणार. दुसरीतल्या मुलाला लेखकाचे नाव ठाऊक नसते. मुखपृष्ठावरचा वाघ पाहून, आतले चित्र उलटून, अक्षर मोठे आहे ना एवढे बघून ते ठरवते. त्याच्यापुढे वही ठेवणे म्हणजे त्याला परत पाठवणे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्येच सांगितले, आणि त्यासाठी वाचकाला थेट फडताळापाशी जाऊ द्यावे असा आग्रह धरला. मुलांपुरते तरी आपण ते पाळू. बालविभागाची पुस्तके खालच्या दोन फळ्यांवर, मुखपृष्ठ समोर करून ठेवली तर त्याला खर्च येत नाही.

पुस्तके हरवतील, हा आपल्या सेवकांचा आक्षेप खरा आहे. गहाळ पुस्तकाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो आणि पगार तुटपुंजे असतात. त्यामुळे हा बोजा त्यांच्यावर टाकता कामा नये. सुट्टीत काही पुस्तके फाटणार, काही परत येणार नाहीत, असे धरून कार्यकारिणीनेच आधी ठराव करावा आणि तेवढी रक्कम बाजूला काढावी. बंद कपाटातले पुस्तक सुरक्षित राहते, पण ते ज्याच्यासाठी घेतले ते मूल तोवर मोठे होऊन जाते. पैशाची अडचणही खरी आहे. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा 1967 चा, पण त्यात ग्रंथालय कर नाही. कर्नाटकाने 1965 च्या कायद्यात मालमत्ता करावर उपकर ठेवला. आपली ग्रंथालये मात्र अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतात. कराची मागणी आपण सोडू नये. तोवर मुलांनी मात्र थांबायचे नाही.

मुलांनी उन्हाळ्यात खेळावे, पुस्तकांत डोके का घालावे, असेही विचारले जाते. खेळावेच. पण मेच्या दुपारी बारा ते चार बाहेर खेळता येत नाही, आणि ते तास आज मोबाइलकडे जातात. मोबाइलशी भांडण नको. बालभारतीने 1971 पासूनचे ‘किशोर’चे अंक इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत, तेही मुलांना दाखवावेत. मात्र घरात फोन एकच असतो आणि तो आईवडिलांबरोबर कामावर जातो, ही अनेक घरांतली स्थिती आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून शाळेतल्या कपाटातली पुस्तके सहा आठवड्यांसाठी यादी करून, सही-शिक्क्यानिशी ग्रंथालयाने आपल्याकडे घ्यावीत आणि शाळा उघडताना परत करावीत. पालकांच्या सहीऐवजी वर्गशिक्षकांची ओळख पुरेशी मानावी. दुपारच्या तासांसाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मानधनावर बोलवावे. आणि जूनच्या अहवालात कार्यक्रमांच्या छायाचित्रांआधी दोन आकडे लिहावेत: किती मुलांनी पहिल्यांदाच पुस्तक घरी नेले, आणि त्यांतली किती दुसरे न्यायला आली.