आप्पासाहेबांनी मागून घेतलेले काम
(मालवण येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



समाजसेवकाविषयी बोलताना आपण बहुधा त्याच्या त्यागाची यादी वाचतो. आप्पासाहेब पटवर्धनांच्या बाबतीत ती सहज करता येते. १८९४ साली ब्राह्मण कुटुंबात जन्म, उच्च शिक्षण आणि पुढे गांधीजींच्या मार्गाचा स्वीकार. गांधीजींची आत्मकथा मराठीत आणली तीही त्यांनीच. आपण त्यांना ‘कोकणचे गांधी’ म्हटले आणि, मला वाटते, तेवढ्यावर मोकळे झालो.

मला बोलायचे आहे ते १९३२ सालच्या एका प्रसंगाविषयी. आप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे मैला उचलण्याचे काम जातीवरून ठरत असे. ते काम आप्पासाहेबांनी स्वतःसाठी मागितले. ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी आपला आहार कमी केला. येरवड्यात गांधीजींना हे कळताच डिसेंबरात त्यांनीही उपवास आरंभला आणि विचाराचे आश्वासन मिळाल्यावरच तो सोडला. सवलत मिळावी म्हणून भांडणारे राजबंदी सरकारला परिचित होते. सवलत नको म्हणून भांडणाऱ्याचे काय करावे, हा पेच नवा होता. त्या कैद्यांना साबण द्या, जादा भाकरी द्या, अशी मागणी आप्पासाहेबांनी केली असती तर ती दयेची ठरली असती आणि कदाचित मान्यही झाली असती. त्यांनी जातीच्या वाटणीलाच हात घातला.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस आणि हीन कामे सोडण्यास सांगितले होते. मग सवर्णाने मेलेली ढोरे सोलण्याची प्रतिष्ठा गावी, ही दलितांना त्याच कामात गुंतवून ठेवण्याची युक्ती नव्हे काय? युक्ती होऊ शकते, आणि पुष्कळदा झालीही. कामाच्या पावित्र्यावर प्रवचन देणारा स्वतः पाटी उचलत नसेल, तर त्याचे शब्द दलितांनी ऐकूच नयेत. परंतु त्याच महाडात सवर्णांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, असेही आवाहन झाले होते. आप्पासाहेबांकडे मी त्या आवाहनाला सवर्णांच्या बाजूने मिळालेले एक उत्तर म्हणून पाहतो. दलिताने टाकावे आणि सवर्णाने उचलावे, यात मला विरोध दिसत नाही.

१९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम उभा राहिला. (सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो पुढे १९८१ साली.) तेथे चर्मोद्योग चालला आणि संडासाचे प्रयोग झाले. मैल्यावर माती पडावी, त्याचे खत व्हावे आणि तो कोणाला डोक्यावरून वाहावा लागू नये, अशी ती खटपट होती. आधी काम स्वतः केले आणि मग ते माणसाला शोभेल असे बदलले. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आप्पासाहेब १९७१ साली गेले. हाताने मैला काढण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. तरीही देशात मैल्याच्या टाक्यांत माणसे गुदमरून मरतातच. आपल्या किनाऱ्यावर पर्यटन वाढले, पाहुण्यांसाठी खोल्या वाढल्या आणि त्यांच्यामागे टाक्याही वाढल्या. त्या उपसायला कोण येतो, यंत्र येते की माणूस उतरतो, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? मी स्वतः पाहिलेले नाही, हे कबूल करतो. उद्या सकाळी त्या कामगारांच्या वस्तीत जाण्याचे ठरविले आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी सोबत यावे.