छऱ्याचे उड्डाण आणि नेमाची अचूकता
(ग्रामीण शाळांचे शिक्षक, पंचायत सदस्य व क्रीडा-अधिकारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोव्यातील जत्रा असो, बेळगाव भागातील यात्रा असो वा माळव्यातील मेळा असो, फुगे फोडण्याच्या बंदुकीचे दुकान तेथे हमखास थाटलेले असते. नेम चुकला की गिऱ्हाईक बंदुकीला दोष देते आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या हाताला. वस्तुतः या वादात एक तिसरा पक्ष असतो, आणि त्याचे म्हणणे सहसा कोणी ऐकून घेत नाही. अर्ध्या ग्रॅम वजनाचा शिशाचा छर्रा आणि ज्या हवेतून तो जातो ती हवा, हा तो तिसरा पक्ष होय.

ही केवळ जत्रेतील करमणूक उरलेली नाही. दहा मीटर एअर रायफल या प्रकाराला १९८४ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक सामन्यांत स्थान मिळाले. याच प्रकारात श्री. अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंग येथे भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. हैदराबादेत वाढलेले श्री. गगन नारंग यांना २०१२ साली लंडन येथे कांस्यपदक प्राप्त झाले, तर श्रीमती अंजली भागवत यांनी २००० साली सिडनी येथे अंतिम फेरी गाठून महाराष्ट्रातील मुलींना ही वाट दाखविली. आज लहान गावांतील मुलेही या खेळाकडे वळू लागली आहेत. अशा मुलाचा नेम सतत उजवीकडे जात असेल तर दोष त्याच्या हाताचा, बंदुकीचा की छऱ्याचा, हे शिक्षकाला सांगता आले पाहिजे. अन्यथा चांगल्या मुलाचा हुरूप नाहक खचतो.

प्रथम छऱ्याची घडण पाहू. त्याचा व्यास साडेचार मिलिमीटर असतो व आकार शंकराच्या हातातील डमरूसारखा असतो. पुढचा भाग भरीव, कंबर बारीक आणि मागचा घेर पोकळ. चाप ओढताच दाबलेली हवा या पोकळ घेरात शिरते, तो फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसतो आणि हवा निसटू देत नाही. वजन पुढे असल्यामुळे गुरुत्वमध्यही पुढे असतो, आणि मागच्या घेराला हवेचा रोध अधिक होतो. बॅडमिंटनचे फूल कसेही फेकले तरी बूच पुढे करूनच जाते, त्यामागे हेच कारण आहे.

परंतु केवळ आकारावर विसंबून चालत नाही. नळीच्या आत मळसूत्रासारख्या वळणाच्या खाचा असतात व त्यांच्या योगे छऱ्याला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते. खाचांचा एक वेढा सुमारे ४५ सेंटीमीटरमध्ये पुरा होतो. छर्रा सेकंदाला १७५ मीटर वेगाने निघाला, तर तो सेकंदाला जवळजवळ ३९० फेरे घेतो. फिरता भोवरा जसा तोल राखतो, तसा हा छर्राही आपली दिशा राखतो.

या विषयाचा पाया घालणारा बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती होता. त्याने १७४२ साली तोफविद्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. टांगलेल्या जड लंबकावर गोळी मारून लंबक किती झुकतो यावरून तिचा वेग काढण्याची युक्ती त्याचीच. हवेचा रोध पूर्वीच्या पंडितांच्या समजुतीपेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि वेडीवाकडी फिरणारी गोळी हवेमुळे बाजूला वळते, हे त्याने प्रयोगाने दाखविले. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ल्यांच्या बांधकामासाठी आपल्या देशात आला आणि १७५१ साली दक्षिण भारतातच निवर्तला. आपल्या पाठ्यपुस्तकांतून त्याचे नाव आढळू नये, हे काहीसे चमत्कारिकच म्हणावे लागेल.

फिरण्याच्या या गतीला दुसरी बाजूही आहे. समजा, ओतकामातील दोषामुळे छऱ्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून मिलिमीटरच्या केवळ शंभराव्या भागाइतका सरकलेला आहे. नळीत असेतो तो मध्य अक्षाभोवती मुकाट्याने फिरतो. नळी सुटताच मात्र गोफणीतील दगडाप्रमाणे तो त्या क्षणीच्या स्पर्शरेषेत निसटू पाहतो. हिशेब केला तर दहा मीटरवर छर्रा सुमारे दीड मिलिमीटर बाजूला पडतो, आणि कोणत्या बाजूला हे दर वेळी निराळे! सामन्यातील लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतो. ठिपक्याला छऱ्याची कड लागली तरी दहा गुण मिळतात, हे खरे. परंतु आता गुण दशांशात मोजले जातात व पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जातो. दीड मिलिमीटर म्हणजे सहा दशांश. घसरलेल्या, घेर चेपलेल्या छऱ्यांची डबी स्वस्तात घेणाऱ्या शाळेने हा हिशेब अवश्य ध्यानात घ्यावा.

आता गुरुत्वाकर्षणाकडे वळू. छर्रा सरळ रेषेत जातो असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात नळी सोडल्या क्षणापासून तो खाली पडू लागतो. १७५ मीटर वेगाने दहा मीटर जाण्यास सेकंदाचा सुमारे सतरावा भाग लागतो. तेवढ्यात तो १६ मिलिमीटर खाली येतो. नेम धरण्याची साधने त्या मानाने लावलेली असल्यामुळे ही घसरण जाणवत नाही. पण एखाद्या छऱ्याचा वेग १७५ ऐवजी १७० झाला, तर घसरण १७ मिलिमीटर होते. हा एक मिलिमीटर कोणत्याही साधनाने आधी भरून काढता येत नाही. म्हणूनच जाणते नेमबाज वेगाच्या मोठेपणापेक्षा त्याच्या एकसारखेपणाला अधिक मान देतात.

वाऱ्याची गोष्ट याहून मनोवेधक आहे. आडवा वारा छऱ्याला जितका वेळ लागतो तितका वेळ ढकलतो, असे प्रथमदर्शनी वाटते, पण ते बरोबर नाही. हवेचा रोध मुळीच नसता तर छर्रा जितक्या वेळात पोहोचला असता, त्याहून प्रत्यक्षात जेवढा अधिक वेळ लागतो, तेवढ्या विलंबावरच वाऱ्याचा परिणाम ठरतो. दहा मीटरमध्ये वेग १७५ वरून १६० वर उतरला असे धरले, तर हा विलंब सेकंदाच्या हजार भागांपैकी अडीच भागांच्या आसपास येतो. सेकंदाला तीन मीटर वेगाचा वारा, म्हणजे झाडाची पाने हलविणारी साधी झुळूक, एवढ्यात छऱ्याला पाऊण सेंटीमीटर सरकविते. साहजिकच हे सामने बंदिस्त दालनात होतात. उघड्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलाचे गुण शहरातील मुलाच्या गुणांशी ताडून पाहणे हे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

मग वेगच वाढवावा, असे कोणी म्हणेल. जाहिरातींचा भर नेमका यावरच असतो. तथापि तेथे दिलेला वेग बहुधा अतिशय हलक्या छऱ्याने मोजलेला असतो. शिवाय ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असून, त्याच्या जवळ जाताच छऱ्याभोवती हवेचे धक्के उमटतात, रोध एकदम वाढतो आणि डमरूच्या आकाराचा छर्रा डगमगू लागतो. सामन्याच्या बंदुकी जाणूनबुजून १७० ते १७५ मीटरवरच ठेवलेल्या असतात.

स्प्रिंगच्या बंदुकीत आणखी एक अडचण संभवते. सायकलच्या पंपात दट्ट्या दाबावा तसा तिच्यात जड दट्ट्या जोराने पुढे धावतो. छर्रा नळीत असतानाच बंदूक आधी मागे व लगोलग पुढे हिसका देते. ती आवळून धरली तर हा हिसका दर वेळी निराळा होतो. त्यामुळे ती सैल, पण दर वेळी एकाच रीतीने धरावयास शिकवितात.

शिक्षकांना एक सोपी परीक्षा करता येईल. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून दोन-तीन प्रकारच्या छऱ्यांचे प्रत्येकी पाच बार एकाच जागी नेम धरून काढावेत आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांतील अंतर मोजावे. ज्या छऱ्यांचा पुंजका लहान, ते त्या नळीला मानवले असे समजावे. पुंजका लहान असून बाजूला पडत असेल तर साधने फिरवून तो मध्यावर आणता येतो. पुंजकाच विखुरलेला असेल तर प्रथम नळीचे तोंड तपासावे. तेथे लहानसा ओरखडा असला तरी सुटणारी हवा छऱ्याच्या घेराला एका बाजूने ढकलते.

कायद्याची बाजूही सांगणे भाग आहे. शस्त्र नियम, २०१६ अन्वये साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या हवेच्या बंदुकीस परवाना लागतो. सामन्याच्या बंदुकीची ऊर्जा साडेसात-आठ ज्यूल असते. हा आकडा लहान वाटतो. परंतु वर मानलेल्या प्रमाणातच वेग घटत गेला, तरी शंभर मीटरवर छऱ्याजवळ सेकंदाला ७० मीटरचा वेग शिल्लक असतो, आणि डोळा कायमचा जाण्यास तो पुरेसा आहे. पक्ष्यांच्या बाबतीत तर बोलावयासच नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा होय. होले, तांबट, खंड्या यांवर नेम धरणारी मुले पुष्कळदा हे जाणत नाहीत, आणि बंदूक हाती देणारे वडीलधारेही जाणत नाहीत. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ पासून हवेच्या बंदुका शासनाकडे स्वेच्छेने जमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि गावोगावच्या लोकांनी दोन हजारांहून अधिक बंदुका आणून दिल्या.

शाळेतील सरावासाठी लक्ष्याच्या मागे दगडी भिंत वा टणक फळी ठेवू नये, कारण छर्रा उलटून येतो. खाली झुकविलेला पोलादी पत्रा व त्याखाली वाळूचे घमेले ठेवावे. तेही नसल्यास जुन्या वर्तमानपत्रांनी ठासून भरलेले खोके चालते, मात्र मधला भाग झिजला की कागद बदलावेत. बार काढणाऱ्याने व शेजारी उभ्या असणाऱ्यांनी चष्मा लावावा. छरे शिशाचे असल्यामुळे सरावानंतर साबणाने हात धुतल्याखेरीज मुलांना डबा उघडू देऊ नये.