वजनकाटा आणि ताट
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. म्हणून वयात येणाऱ्या मुलांचे खाणे आणि वजन या विषयावर जमाखर्चाच्या भाषेतच बोलतो.

२०१६ ते २०१८ या काळात देशभर पोषणाचे मोठे सर्वेक्षण झाले. १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुले-मुली कृश आढळली आणि सुमारे ५ टक्के वाजवीपेक्षा जाड. त्याच पाहणीत ४० टक्के मुलींना रक्तक्षय होता. मुलांत हे प्रमाण १८ टक्के होते. रक्तक्षय वजनकाट्यावर दिसत नाही. अंगाने बरी दिसणारी मुलगीही जिना चढताना दमते, वर्गात पेंगते, आणि आपण म्हणतो, हिला अभ्यासाचा कंटाळा आहे!

आता खर्चाची बाजू पाहू. कोला पेयाच्या ३०० मिलीलिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की वरून घेतलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा हिशेब संपून वर उधारी झाली. वेफर्सच्या पुड्याने जीभ खूश होते, पण भूक भागत नाही. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, भाजलेले चणे, उकडलेले अंडे, भाकरी-उसळ यांनी पोट भरते आणि अंगही भरते.

हाडांची बहुतेक ठेव याच वयात जमा होते. पुढे आयुष्यभर त्यातूनच काढायचे असते. म्हणून मुलींनो, बारीक होण्यासाठी उपाशी राहू नका. सकाळी नुसत्या चहावर शाळेला जाऊ नका. जेवणाला लागून चहा घेतला, तर अन्नातले लोह अंगी कमी लागते; पालेभाजीवर लिंबू पिळले, तर जास्त लागते. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात ठेवू नका, जेवणानंतर घ्या.

पालकांनाही एक विनंती. मुलांना ‘ढोल्या’, ‘काडी’ म्हणून हिणवू नका. प्रसेनजित राजा भरपेट जेवून धापा टाकत आला, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याची थट्टा केली नाही. मात्रा ओळखून जेवण्याची एक गाथा सांगितली. सुदस्सन नावाचा तरुण रोज राजाच्या जेवणाच्या वेळी ती म्हणू लागला आणि राजाचा आहार हळूहळू आटोक्यात आला. मात्रा म्हणजे अति नको, तशी उपासमारही नको.

घरात मुलगी सर्वांत शेवटी, उरलेले खाते, ही रीत आपण मोडली पाहिजे. शिक्षणात समतेचा आग्रह धरणाऱ्या समाजाने ती ताटातही आणावी. आज रात्रीपासून मुला-मुलींना एकाच पंगतीत, सारखे वाढा. त्याला पैसा लागत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!