फॉरमॅट मारू का, चाचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवी माणसानं चंद्र-चांदण्यांवर बोलावं अशी अपेक्षा असते. मी आज बोलणार आहे ते टपाल तिकिटाएवढ्या एका वस्तूबद्दल. आमच्या कार्यालयातल्या फोनच्या पेटीत एक मेमरी कार्ड होतं. २०२० च्या पावसाळ्यात ते बंद पडलं. त्या आठ-दहा दिवसांत मला जी धास्ती वाटली, ती माझ्या कवितांच्या वहीला वाळवी लागली तेव्हाही वाटली नव्हती.

आमचं कार्यालय डिंभ्याला. घोड नदीवरचं हे धरण २००० साली पूर्ण झालं. धरणाच्या मागं सह्याद्रीच्या कुशीत आदिवासी गावं आहेत, थेट आहुप्यापर्यंत. तिकडच्या लोकांचे अर्ज लिहायचे, कागद लावायचे, जमाखर्च बघायचा, हे माझं काम. मराठी घेऊन बी. ए. केलं त्याचा कवितेला किती उपयोग झाला ते वाचकच जाणोत, पण अर्ज मात्र मी झकास लिहितो!

फोनची पेटी साधीच होती. बाहेरून फोन यायचा, आत चार टेबलांवर वाजायचा. कुणी उचलला नाही तर माझ्या आवाजात रेकॉर्ड केलेलं वाक्य लागायचं, ‘नमस्कार, आपला निरोप सांगा.’ म्हाताऱ्या बाया त्यावर ‘बरं हाय का बाबा?’ असं विचारायच्या आणि उत्तराची वाट बघत थांबायच्या. तो थांबलेला वेळही कार्डावर रेकॉर्ड व्हायचा.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून आमच्याकडेही शिरलं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात हिरड्याची झाडं मोडून पडली. हिरडा आपल्याला त्रिफळा चूर्णातला ठाऊक असतो; कातडी कमावायलाही तो लागतो. इथल्या घरांना मात्र बाळहिरडा म्हणजे वर्षाचं मीठ-मिरची, मुलांचे कपडे, दवाखाना. हिरड्याचं झाड काही दोन वर्षांत उभं राहत नाही. सासऱ्यानं जपलेलं झाड सून वेचते.

तेव्हा करोनामुळे येणं-जाणं बंद. कार्यालयात आम्ही आळीपाळीनं जायचो. लोक डोंगराच्या सोंडेवर, जिथं रेंज मिळेल तिथं चढून फोन करत. किती झाडं पडली, कुठल्या गटात, तलाठी येऊन गेले की नाही, हे सगळं पेटीला सांगून ठेवत. लिहिता न येणाऱ्या माणसाचा तोच अर्ज होता. हे निरोप मी रोज वहीत उतरवून घ्यायला हवे होते. आज उतरवू, उद्या उतरवू करत राहिलो. चूक माझी, ती आधीच सांगून टाकतो.

जूनच्या अखेरीस एका संध्याकाळी लाइट चार-पाचदा गेली आणि आली. पेटीला जोडलेल्या बॅटरीनं केव्हाच मान टाकलेली होती. दुसऱ्या दिवशी फोन वाजत होता, पण माझा ‘नमस्कार’ गायब. दुरुस्तीवाला पोरगा आला. त्यानं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. पडद्यावर प्रश्न आला. तो म्हणाला, ‘फॉरमॅट मारू का, चाचा? दोन मिनिटांत चालू होईल.’

त्याचं काही चुकत नव्हतं. त्याला फोन दुरुस्त करायला बोलावलं होतं आणि फोन खरोखरच दोन मिनिटांत दुरुस्त झाला असता. मी म्हटलं, ‘बाळा, आतल्या निरोपांचं काय?’ तो म्हणाला, ‘ते जातील.’ मी कार्ड काढून घेतलं, अर्जाच्या कोऱ्या कागदात गुंडाळून खिशात ठेवलं आणि राजगुरुनगरला भाच्याला फोन लावला. तो अशाच यंत्रांची कामं करतो. पहिलंच वाक्य, ‘मामू, उसको हात नको लगाव!’ घरी आम्ही दखनी बोलतो. रागावताना तर हमखास.

त्यानं मला समजावलं ते आपल्यालाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. अशा कार्डात फिरणारी तबकडी वगैरे काही नसतं. अतिसूक्ष्म कप्प्यांमध्ये विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो. भार आहे की नाही, यावरून अक्षर, चित्र, आवाज सगळं वाचलं जातं. जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही युक्ती काढली. तिला ‘फ्लॅश’ म्हणतात, कारण कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकावा तसं एका क्षणात पुष्कळसं पुसता येतं. म्हणजे बघा, स्मरणशक्तीला नाव मिळालं ते विसरण्यावरून!

कप्पे पुन्हा पुन्हा पुसून झिजतात. लिहिता लिहिता वीज गेली तर आणखी एक घोटाळा होतो. कुठला निरोप कुठं ठेवलाय याची जी अनुक्रमणिका असते, ती अर्धवट राहते. निरोप जागेवर असतात, पण पेटीला ते सापडत नाहीत. अशा वेळी घाईनं फॉरमॅट केलं तर बहुतेक वेळा फक्त नवी कोरी अनुक्रमणिका तयार होते. पण पुढचा फोन आला की नवा निरोप जुन्याच्या डोक्यावर बसतो, आणि मग काही इलाज नाही.

हे मला लगेच पटलं, कारण मी डिंभ्याचा. आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेऱ्या घोडेगावला, आणि ते मूळ आंबेगाव धरणाच्या पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी जोती उघडी पडतात आणि म्हातारी माणसं बोट दाखवून कुणाचं घर कुठं ते सांगतात. गाळ चढत गेला की तेही कठीण होईल.

कार्ड दुधाच्या टँकरवाल्याबरोबर राजगुरुनगरला गेलं. भाच्यानं आधी त्याच्या कडेची बारीक खिटी सरकवली, म्हणजे चुकून काही लिहिलं जाऊ नये. धातूच्या पट्ट्या साध्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसल्या. मग एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनं, डीडीरेस्क्यू त्याचं नाव, अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल काढायला घेतली. हा प्रोग्रॅम शहाणा आहे. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतो. अडतं तिथं हट्ट न करता पुढं जातो आणि शेवटी परत येऊन अडलेल्या जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहतो. रात्रभर ते चाललं. सगळी खटपट पुढं त्या नकलेवर, मूळ कार्ड डबीत बंद.

नक्कल निघाली तरी आवाज निघेना. फोनचा आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजून आकड्यांत ठेवतात, आणि ते आकडे मांडण्याच्या दोन पद्धती जगात चालतात. चुकीच्या पद्धतीनं वाजवलं की कढईत मिरच्या तडतडाव्यात तसं ऐकू येतं. भाच्यानं फोनवर ते मला ऐकवलं. दुसरी पद्धत लावली, आणि त्या खरखरीतून एक बाई म्हणाली, ‘बरं हाय का बाबा?’

मला पुढं बोलवेना.

सत्तरेक निरोपांपैकी बहुतेक नीट मिळाले. काही गेलेच. नऊ अर्धे मिळाले. मी या वेळी टाळाटाळ केली नाही. दोन रात्री बसून सगळे वहीत उतरवले आणि अर्ज तयार केले. भरपाईचा प्रश्न पुढं वर्षानुवर्षं रेंगाळला, लोकांना आंदोलनं करावी लागली. त्या काळात ही वही मला किती वेळा काढावी लागली, ते सांगत नाही.

अर्ध्या निरोपांपैकी आठांचा पत्ता विचारून विचारून लागला. एक लागेना. त्यात नाव नाही, गाव नाही. ‘सात झाडं पडली. त्यातली दोन सासऱ्याच्या हातची...’ एवढंच, आणि पुढं घरघर. मी तो मोबाइलवर घेतला आणि गावोगाव जाताना ऐकवू लागलो. पावसाळा संपता संपता एका वाडीत, देवळाच्या ओट्यावर, तो ऐकून एक म्हातारा हसला. ‘ही तर आमची धाकली सून,’ म्हणाला आणि त्यानं हाक मारली.

ती हात पुसत आली. स्वतःचा आवाज ऐकून आधी लाजली. मी वही उघडून विचारलं, ‘सात झाडं ना गं, बाई?’

‘आठ लिहा,’ ती म्हणाली. ‘एक कललं होतं, ते नंतर पडलं.’