पुसला गेलेला ठिपका

सामान्य प्रकाश मोठा सरळमार्गी असतो. तांबडा किरण स्वच्छ काचेतून गेला, तर तांबडाच बाहेर पडतो. १९६१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व त्यांचे सहकारी यांनी माणिक-लेसरचा प्रखर झोत गारेच्या स्फटिकात एकवटला, तेव्हा मात्र निराळेच घडले. ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाबरोबर ३४७ नॅनोमीटरचा, म्हणजे दुप्पट कंपनसंख्येचा, अदृश्य जंबुपार प्रकाशही बाहेर आला. छायाचित्रावर त्याचा ठिपका इतका फिकट उमटला की, छपाईच्या वेळी तो डाग समजून पुसला गेला. छापील लेखात बाण आहे; ठिपका नाही.

हा ठिपका ठळक कसा करावा, याचे एक उत्तर रसायनशास्त्रज्ञांनी सेंद्रिय रेणूंत शोधले. ज्या लांबट रेणूच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा आणि दुसऱ्या टोकाला ते ओढून घेणारा अणुगट असतो, त्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या आंदोलनाबरोबर एका दिशेला अधिक, तर उलट दिशेला कमी झुकतात. या असमतोलातूनच दुप्पट कंपनसंख्येचा प्रकाश जन्मतो. परंतु अशा रेणूंची विरुद्ध टोके परस्परांना आकर्षितात. त्यामुळे स्फटिकात ते बहुधा एकमेकांकडे उलटी तोंडे करून बसतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना बैल जुंपावेत आणि गाडी जागची हलू नये, तशी गत होते.

म्हणून गुणी रेणू घडवून भागत नाही. त्यांना एका दिशेने बसवणारे घरही रचावे लागते. १९९४ साली फ्रान्समधील संशोधकांनी कॅडमियम किंवा मँगनीज, फॉस्फरस आणि गंधक यांच्या थरयुक्त संयुगांत स्टिल्बाझोलियम जातीचे रेणू सरकवले. त्या चिंचोळ्या जागेत ते आपण होऊन शिस्तीत लागले. या संकरित पदार्थाची क्षमता तुलनेसाठी घेतल्या जाणाऱ्या युरियाच्या शेकडो पट भरली. शिवाय मँगनीजचा पदार्थ सुमारे ४० केल्विनखाली चुंबकही झाला. रेणूंनी प्रकाश पालटला, थरांनी चुंबकत्व दिले. आणि दोन्ही गुण एकाच पदार्थात नांदू लागले.

व्याख्यात्याच्या हातातील हिरवी लेसर-कांडी पुष्कळदा अवरक्त प्रकाशाची कंपनसंख्या दुप्पट करूनच उजळते. तेथे अजूनही असेंद्रिय स्फटिकच राबतो. उष्णता व प्रखर प्रकाश सोसून टिकणे ही संकरित पदार्थांची खरी कसोटी आहे. पण एकेकाळी डाग म्हणून पुसला गेलेला ठिपका आज भिंतीवर सर्वांना दिसतो, हे काही थोडे नव्हे.